सेक्टर आणि क्षेत्र : एका शब्दाचा प्रवास

परभाषेतून आलेल्या शब्दांचा विचार मराठीत बहुधा एकाच प्रश्नाभोवती फिरत राहिला आहे. तो शब्द स्वीकारावा की त्यास प्रतिशब्द घडवावा, हा तो प्रश्न होय. भाषाशुद्धीच्या चळवळीने ह्या प्रश्नाला धार आणली आणि कोशकारांनी व परिभाषाकारांनी त्याची आपापल्या परीने उत्तरे दिली. तथापि ह्या वादात एक बाजू उपेक्षित राहिली. आलेला शब्द आपल्या भूमीवर नेमके कोणते कार्य करतो आणि त्याला दिलेला प्रतिशब्द त्या कार्याचा बोध करून देतो की ते झाकून टाकतो, हे क्वचितच पाहिले जाते. 'सेक्टर' हा आजचा अत्यंत रूढ इंग्रजी शब्द ह्या दृष्टीने तपासण्याजोगा आहे. शासनव्यवहारात त्याला 'क्षेत्र' हा प्रतिशब्द मिळाला आहे. शहरांतील रहिवाशांनी मात्र तो 'सेक्टर' असाच ठेवला आहे. ह्या भेदामागे एक इतिहास आहे, आणि त्याचे एक महत्त्वाचे प्रकरण पंजाबातील खरड ह्या तहसिलीच्या भूमीवर घडले आहे.

प्रथम शब्दाचे मूळ पाहू. लॅटिन भाषेत 'सेकारे' ह्या धातूचा अर्थ कापणे असा आहे. 'सेक्शन', 'सेगमेंट' आणि शरीर तुकड्यातुकड्यांचे दिसते म्हणून 'इन्सेक्ट' हे इंग्रजी शब्द त्याच धातूच्या परिवारातले होत. त्यापासून झालेला 'सेक्टर' हा शब्द मुळात कर्तृवाचक होता. 'सेक्टर' म्हणजे कापणारा. रोमन व्यवहारात ह्या शब्दाला आणखी एक पारिभाषिक अर्थ होता. ज्याची मालमत्ता शासनाने जप्त केली असेल, त्याच्या त्या मालमत्तेची जाहीर लिलावात खरेदी करणाऱ्यासही 'सेक्टर' म्हणत. कारण ती खरेदी करून तो तिचे तुकडे पाडून विकीत असे. इसवी सनापूर्वी ८२ ह्या वर्षी सुल्ला ह्या सत्ताधीशाने आपल्या विरोधकांच्या याद्या लावून त्यांचे प्राण व धन दोन्ही हरण करण्याचा मार्ग मोकळा केला. पुढे इसवी सनापूर्वी ८० मध्ये सिसेरोने रोस्कियसच्या बचावाचे भाषण केले, त्यात ह्या शब्दावर श्लेष साधलेला आहे. गळे कापणारे आणि मालमत्ता विकत घेणारे हे एकच लोक होते, असा त्याचा रोख आहे. म्हणजे शब्दाच्या आरंभीच्या इतिहासातच छेदन आणि स्वामित्वाचे परिवर्तन ह्या दोन कल्पना एकत्र नांदत होत्या.

भूमितीतील अर्थ ह्याच धातूच्या आश्रयाने, पण निराळ्या वाटेने आला. दोन त्रिज्या आणि त्यांमधील वर्तुळकंस ह्यांनी बद्ध झालेल्या आकृतीला ग्रीक गणितज्ञ 'तोमेउस' म्हणत. युक्लिडच्या तिसऱ्या पुस्तकाच्या व्याख्यांत तिचा समावेश आहे. चांभाराच्या कातडे कापण्याच्या हत्यारावरून हे नाव पडले, असे एका प्राचीन टिपणकाराने नमूद केले आहे. मराठी वाचकाला हे हत्यार 'रापी' ह्या नावाने परिचित आहे. तिच्या पसरट, गोलसर पात्याकडे पाहिले म्हणजे टिपणकाराचे म्हणणे सहज पटते. लॅटिन भाषांतरकारांनी 'तोमेउस'साठी 'सेक्टर' योजला आणि जो कर्त्याचा वाचक होता तो कापलेल्या तुकड्याचा वाचक झाला. हेन्री बिलिंग्जलीने १५७० साली युक्लिडचे इंग्रजी भाषांतर प्रसिद्ध केले, त्या सुमारास हा शब्द इंग्रजीत रुजला. १५९८ साली टॉमस हुड ह्याने 'सेक्टर' नावाच्या एका गणितयंत्रावर पुस्तक लिहिले. बिजागरीने जोडलेल्या दोन पट्ट्यांचे ते साधन भूमापनाच्या कामी येई. ह्याच आकृतीला मराठी पाठ्यपुस्तकांनी 'वर्तुळपाकळी' असे नाव दिले आहे. ग्रीकांना जेथे कातडे कापणारे पाते दिसले, तेथे मराठी परिभाषाकाराला फूल दिसले. परिभाषा किती सुंदर होऊ शकते ह्याचे हे उदाहरण आहे. परंतु शब्दातील छेदनाची स्मृती ह्या सुंदर भाषांतरात पुसली गेली, हेही ध्यानात ठेवावयास हवे.

पहिल्या महायुद्धात ह्या शब्दाचा आणखी विस्तार झाला. मुख्य ठाण्याच्या बिंदूपासून आघाडीपर्यंत त्रिज्या काढून रणभूमीचे जे भाग पाडले जात, त्यांस 'सेक्टर' म्हणू लागले. तेथून कोणत्याही आखलेल्या विभागाला हे नाव मिळाले आणि नियोजनाच्या अर्थशास्त्राने ते अर्थव्यवस्थेच्या भागांना लावले. ह्या सर्व अर्थांत एक सूत्र टिकून आहे. 'सेक्टर' हा शब्द उच्चारणारा मनुष्य नेहमी केंद्रस्थानी उभा असतो. पुढे पसरलेल्या सलग वस्तूचे तो आपल्या सोयीने भाग पाडीत असतो. त्या भागात राहणारा मनुष्य आपल्या ठिकाणाला आपण होऊन 'सेक्टर' म्हणत नाही. ते नाव त्याला वरून मिळते.

ह्या सूत्राची प्रत्यक्ष पडताळणी खरडच्या इतिहासात होते. खरड हे गाव चंडीगढच्या पश्चिमेस थोड्या अंतरावर आहे. मराठी कानाला ह्या नावावरून 'खरडणे' व 'खर्डा' ह्यांची आठवण व्हावी आणि पंजाबीत 'खरडा' म्हणजे मसुदा असावा, हा मौजेचा योग आहे. परंतु केवळ ध्वनिसाम्यावरून स्थलनामाची व्युत्पत्ती काढणे भाषाशास्त्राला मान्य नाही. गावात 'अज सरोवर' नावाचे एक तळे असून लोकपरंपरा त्याचा संबंध दशरथाचा पिता अज ह्याच्याशी जोडते. ब्रिटिश अमदानीत व स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या दोन दशकांत खरड ही अंबाला जिल्ह्याची एक तहसील होती. शिवालिकच्या पायथ्यापासून पसरलेली तिची भूमी शेतीची होती आणि महसुली दप्तरात त्या भूमीची स्वतःची अशी एक भाषा होती. गावचा नकाशा म्हणजे 'शजरा', शेताचा क्रमांक म्हणजे 'खसरा', हक्कांची नोंद म्हणजे 'जमाबंदी' आणि गावाची सामाईक जमीन म्हणजे 'शामलात'. वस्तीची हद्द नकाशावर तांबड्या रेषेने दाखवीत, म्हणून वस्तीच्या जागेला 'लाल डोरा' म्हणत. महाराष्ट्रात 'सातबारा', 'गायरान' आणि 'गावठाण' हे शब्द जे काम करतात, त्याच्या जवळपासचे काम तेथे हे शब्द करीत असत.

१९४७ च्या फाळणीत लाहोर पाकिस्तानात गेले आणि पूर्व पंजाबला राजधानी उरली नाही. सिमल्यात तात्पुरते कार्यालय थाटून सरकारने नव्या राजधानीसाठी जागेचा शोध सुरू केला आणि १९४८ च्या मार्च महिन्यात खरड तहसिलीतील जागा मुक्रर केली. पी. एन. थापर हे प्रशासक आणि पी. एल. वर्मा हे मुख्य अभियंते ह्या कार्याचे धुरीण होते. पहिला आराखडा अमेरिकन नियोजनकार अल्बर्ट मेयर व त्याचा सहकारी मॅथ्यू नोविकी ह्यांनी केला. त्यात रस्ते वळणदार होते आणि वस्तीच्या घटकाला 'सुपरब्लॉक' असे नाव होते. १९५० च्या ऑगस्टअखेर विमान अपघातात नोविकीचा मृत्यू झाला. त्यानंतर ल कोर्बुझिए, प्येर जानरे, मॅक्सवेल फ्राय व जेन ड्रू ह्यांच्याकडे काम आले. १९५१ च्या फेब्रुवारीत कोर्बुझिए भारतात आला आणि सिमल्याच्या रस्त्यावरील एका विश्रामगृहात थोड्याच दिवसांत नवा आराखडा उभा राहिला. मेयरची वळणे सरळ झाली. 'सुपरब्लॉक'च्या जागी 'सेक्टर' आला. त्याची मापे ८०० मीटर रुंद व १२०० मीटर लांब अशी ठरली. वेगवान वाहतूक बाहेरच्या रस्त्यांवर राहावी आणि आत शाळा, दुकाने व हिरवळ ह्यांसह कुटुंबजीवन निर्वेधपणे चालावे, अशी त्यामागील कल्पना होती. तिच्या अंमलबजावणीसाठी झटलेल्या भारतीय वास्तुकारांत एम. एन. शर्मा, आदित्य प्रकाश, ऊर्मिला यूली चौधरी ह्यांच्यासमवेत प्रभावळकर व देठे ही मराठी वाचकाला ओळखीची वाटावीत अशी आडनावेही आढळतात. १९५३ च्या ७ ऑक्टोबर रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद ह्यांनी नगराचे उद्घाटन केले.

येथे शब्दाच्या इतिहासातील एक लक्षणीय गोष्ट घडली. ज्याला 'सेक्टर' म्हटले तो आयत होता. वर्तुळ नाही, त्रिज्या नाहीत, पाकळीचा आकार नाही. भूमितीचा अर्थ संपूर्णपणे गळून पडला. उरला तो केवळ मूळ धातूचा अर्थ, सलग भूमीतून मापाने कापून घेतलेला तुकडा. दोन हजारांहून अधिक वर्षांच्या प्रवासानंतर शब्द जणू आपल्या आरंभबिंदूशी परत आला.

ज्या भूमीवर हे माप पडले तिच्यावर गावे होती. पहिल्या टप्प्यात सतरा आणि पुढील टप्प्यात आणखी अकरा अशा अठ्ठावीस गावांची भूमी नगरासाठी संपादित झाली. गावकऱ्यांनी विरोध केला. त्यासाठी समितीही स्थापन झाली. १८९४ च्या भूसंपादन कायद्याने सरकारला अधिकार दिलेला होता आणि फाळणीने उद्ध्वस्त झालेल्या प्रांताला राजधानीची निकडही होती. त्यामुळे तो विरोध निष्फळ ठरला. महाराष्ट्रात शेतजमिनीला 'काळी' आणि वस्तीच्या जागेला 'पांढरी' म्हणण्याची जुनी रीत आहे. त्या भाषेत सांगावयाचे तर पहिल्या टप्प्यातील गावांची काळी व पांढरी दोन्ही गेली. नंतरच्या टप्प्यांतील काही गावांची काळी गेली, पण पांढरी मात्र तेथेच राहिली. अटावा आज सेक्टर ४२ मध्ये आहे, बुडैल सेक्टर ४५ मध्ये आहे, बढेडी व बुटेरला सेक्टर ४१ मध्ये आहेत. आयताच्या सरळ रेषांच्या आत लाल डोऱ्याची ती वेडीवाकडी सीमा टिकून आहे आणि क्रमांकाच्या पोटात नाव टिकून आहे. मनीमाजरा ह्या जुन्या संस्थानी ठाण्याच्या बाबतीत उलट क्रम दिसतो. मूळ आराखड्यात सेक्टर १३ नव्हताच. २०२० साली प्रशासनाने तो रिकामा क्रमांक मनीमाजऱ्याला देऊ केला. प्रत्येक नावाला शेवटी एखादा आकडा मिळालाच पाहिजे, अशी ह्या शब्दाची अंगभूत ओढ आहे.

छेदनाची ही क्रिया नगरापुरती राहिली नाही. १९६६ साली पंजाब राज्याची पुनर्रचना झाली. त्या कायद्यात चंडीगढ ह्या केंद्रशासित प्रदेशाची व्याख्या करताना अंबाला जिल्ह्याच्या खरड तहसिलीतील मनीमाजरा व मनौली ह्या कानुनगो मंडळांचे निर्दिष्ट भाग असा उल्लेख केलेला आहे. त्याच तहसिलीचा काही भाग हरियाणाकडे गेला आणि उरलेली खरड पंजाबच्या नव्या रूपनगर जिल्ह्यात समाविष्ट झाली. १ नोव्हेंबर १९६६ रोजी एक तहसील अशा रीतीने तीन शासनांत वाटली गेली. पुढे २००६ साली साहिबजादा अजितसिंगनगर म्हणजे मोहाली हा जिल्हा निर्माण होऊन खरड त्यात गेली. चंडीगढच्या सेक्टरांचे क्रमांकही सीमा ओलांडून मोहालीत पुढे चालत राहिले आणि खरडच्या परिसरात सेक्टर १२५ पर्यंत येऊन पोहोचले. ज्या तहसिलीतून पहिले सेक्टर कापले गेले, तिच्या मुख्य गावालाच अखेर सेक्टरचा क्रमांक भेटावयास आला.

आता 'क्षेत्र' ह्या शब्दाकडे वळावे. संस्कृतातील 'क्षि' ह्या धातूचा अर्थ राहणे, वसणे असा आहे; त्यापासून 'क्षेत्र' सिद्ध झाला. प्राकृतात त्याची 'खेत्त' व 'छेत्त' अशी दोन रूपे झाली. पहिल्यापासून हिंदी-पंजाबीतील 'खेत' आला, दुसऱ्यापासून मराठीतील 'शेत' आले. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'त आकृतिगणिताच्या प्रकरणाला 'क्षेत्रव्यवहार' म्हटले आहे आणि 'क्षेत्रफळ' हा शब्द आजही शाळेत चालतो. पंढरपूर, आळंदी ही 'क्षेत्रे' होत. गीतेच्या तेराव्या अध्यायात शरीरालाच क्षेत्र म्हटले असून त्यावरील विवेचनात ज्ञानेश्वर हे क्षेत्र नेमके कोणाचे, ह्याविषयीची मतमतांतरे शेतीच्या रूपकातून मांडतात. शेत कोणाचे, कसणारा कोण, धनी कोण, हा प्रश्न 'क्षेत्र' ह्या शब्दाच्या गाभ्याशी असा निगडित आहे. 'सेक्टर'च्या मुळाशी कापणारा आहे आणि 'क्षेत्र'च्या मुळाशी वसणारा आहे. अर्थाच्या दृष्टीने हे दोन शब्द परस्परांसमोर उभे आहेत.

असे असता हे दोन शब्द परस्परांचे पर्याय कसे झाले? त्याचे उत्तरही १९५१ ह्याच वर्षापासून शोधावे लागते. त्या वर्षी पहिली पंचवार्षिक योजना सुरू झाली आणि 'पब्लिक सेक्टर' व 'प्रायव्हेट सेक्टर' ह्या संज्ञा राजकीय व्यवहारात स्थिरावू लागल्या. भारतीय भाषांनी त्यांना 'सार्वजनिक क्षेत्र' व 'खाजगी क्षेत्र' असे पर्याय दिले. लाक्षणिक अर्थाने हे पर्याय वावगे नाहीत. परंतु 'फील्ड', 'एरिया', 'झोन', 'रीजन' आणि 'सेक्टर' ह्या सर्वांचा भार मराठीने 'क्षेत्र' ह्या एकाच शब्दावर टाकला आणि त्यामुळे त्याची धार बोथट झाली. 'सेक्टर'च्या दोन अर्थांचा संगम पुढे भिलाईत झाला. १९५९ साली तेथील पहिली झोतभट्टी सुरू झाली; सार्वजनिक सेक्टरातील त्या कारखान्याच्या वसाहतीलाही सेक्टरांचे क्रमांक होते. तेथील कामगार ज्या सेक्टरात नोकरी करीत त्याचे भाषांतर झाले. ज्या सेक्टरात राहत त्याचे झाले नाही. लोकभाषेचा हा विवेक नोंद घेण्यासारखा आहे.

महाराष्ट्रातही हाच अनुभव आला. १९७२ साली पिंपरी-चिंचवड नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले. त्याच्या मराठी कागदपत्रांत 'सेक्टर'साठी 'पेठ क्रमांक' असा शब्द योजलेला आढळतो. हेतू चांगला होता. पुण्याच्या पेठांची परंपरा जवळच होती. परंतु पेठ वसते ती बाजाराभोवती. तिला वाराचे, देवतेचे किंवा वसविणाऱ्याचे नाव असते आणि तिच्या सीमा व्यवहारातून ठरतात. जिला केवळ क्रमांक आहे ती पेठ लोकांना पेठ वाटली नाही. बोलण्यात 'सेक्टर'च राहिला. नव्या मुंबईसाठी १९७० साली सिडकोची स्थापना झाली आणि ठाणे, पनवेल व उरण भागांतील पंचाण्णव गावांच्या भूमीवर नगर आखले गेले. येथे एक फरक दिसतो. वाशी, नेरूळ, बेलापूर, ऐरोली ही गावांची नावे नगराच्या मोठ्या विभागांना मिळाली आणि सेक्टरांचे क्रमांक त्या नावांच्या आत गेले. चंडीगढमध्ये सेक्टर १७ म्हटले की पुरते. नव्या मुंबईत 'वाशी, सेक्टर १७' असेच म्हणावे लागते. नाव टिकले म्हणून भूमी टिकली असे मात्र नव्हे. १९८४ च्या जानेवारीत जासई व दास्तान फाटा येथे दि. बा. पाटील ह्यांच्या नेतृत्वाखालील शेतकऱ्यांच्या आंदोलनावर गोळीबार होऊन पाच जणांचे प्राण गेले. त्या लढ्याच्या परिणामी, संपादित भूमीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ धारकांस परत देण्याची योजना १९९० साली आली. 'प्रकल्पग्रस्त' आणि 'साडेबारा टक्के' हे शब्दप्रयोग आगरी-कोळी समाजाच्या दैनंदिन भाषेत शिरले. वरून आलेल्या आकड्याला खालून दिलेले ते आकड्याचेच उत्तर होते.

ह्या विवेचनाचा अर्थ नगररचनेचा अधिक्षेप करणे असा घेऊ नये. फाळणीत सर्वस्व गमावलेल्या सहस्रावधी कुटुंबांना चंडीगढच्या त्या आयतांनी निवारा दिला; प्रशस्त रस्ते, वृक्षराजी व मोकळी हवा ह्यांचा लाभ दिला. दोन पिढ्यांच्या सहवासाने तेथील माणसाला आपल्या सेक्टरविषयी गावाइतकीच आपुलकी वाटू लागली आहे. मनुष्य जेथे राहतो तेथे कापलेल्या तुकड्याचेही हळूहळू क्षेत्र होते. हे परिवर्तन मात्र वास्तव्याने व्हावे लागते. परिभाषाकाराच्या लेखणीने ते होत नाही. सेक्टर आखला जात असतानाच त्याला 'क्षेत्र' म्हणणे म्हणजे जे अद्याप घडावयाचे आहे ते घडून गेल्याचे सांगणे होय.

परिभाषेचा विचार करणाऱ्याने ह्यातून एक नियम घ्यावा. प्रतिशब्द अर्थाशी जुळतो की नाही एवढेच पाहून भागत नाही. मूळ शब्दात जी क्रिया दडलेली आहे तिचा कर्ता कोण आणि ती कोणावर घडते, हेही त्यात उमटले पाहिजे. ते जेथे उमटत नसेल तेथे परकीय शब्द तसाच राहू देणे अधिक प्रामाणिकपणाचे ठरते. अटाव्याच्या, बुडैलच्या किंवा वाशीच्या रहिवाशाने 'सेक्टर'ला 'क्षेत्र' म्हटले नाही ह्यात भाषेविषयीची अनास्था पाहणे चुकीचे आहे. शेत म्हणजे काय हे त्याला ठाऊक होते, म्हणूनच त्याने ते नाव दुसऱ्या वस्तूला दिले नाही. साहित्यसमीक्षेतही कवितेचे क्षेत्र, कथेचे क्षेत्र, ग्रामीण साहित्याचे क्षेत्र अशी विभागणी सर्रास केली जाते. त्यांतील खरी क्षेत्रे कोणती आणि समीक्षकाने आपल्या सोयीसाठी आखलेले सेक्टर कोणते, हा प्रश्न खरडच्या भूमीने वाङ्मयाच्या अभ्यासकांपुढेही ठेवला आहे.